मुठीतला दगड

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभे होतो. मिस्सेनंतर वस्तूंवर आशीर्वाद मागण्यासाठी चार माणसे नेहमीच थांबतात. त्या दिवशी कोणी नव्या स्कूटरची किल्ली पुढे केली, कोणी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणली होती. त्यांच्या मागे आमच्या धर्मग्रामातील एक विधवा बाई रुमालाची गाठ सोडीत उभ्या होत्या. रुमालात एक जपमाळ होती आणि तिच्या शेजारी कोंबडीच्या अंड्याएवढा, गुळगुळीत घासलेला गुलाबी दगड. "फादर, यावरही आशीर्वाद द्या," त्या म्हणाल्या. हे काय, असे आम्ही विचारले. कॅनडातल्या मुलीने पाठवला आहे, हातात धरला की मनाला शांती मिळते, असे त्यांनी सांगितले.

आम्ही जपमाळेवर आशीर्वाद दिला. दगड त्यांच्या तळहातावर परत ठेवला आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मावशी, हा चर्चच्या विहिरीत टाकून द्या आणि देवावर भरवसा ठेवा." कोणीतरी हसले. बाईंनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि त्या गेल्या. आपण धर्मगुरूचे कर्तव्य चोख बजावले या समाधानात आम्ही न्याहारीला बसलो. त्यानंतर बाजूच्या दाराजवळच्या तिसऱ्या बाकावरील त्यांची जागा रिकामी दिसू लागली. ती रिकामी आहे हे आमच्या लक्षात यायला चार रविवार लागले.

खरे तर या विषयावर आपल्या त्रैमासिकासाठी लिहावे असे आमच्या मनात होतेच. पूर्वी बोटात नीलम किंवा पोवळे घातलेला ख्रिस्ती माणूस दिसला की तो ज्योतिषाकडे जाऊन आला हे उघड असे, आणि तोही हात थोडा लपवीत असे. आता तसे राहिलेले नाही. तरुण मुलींच्या मनगटावर रंगीत मण्यांची कंकणे असतात, त्यांतील प्रत्येक मण्याचा गुण त्यांना पाठ असतो. गुलाबी स्फटिक प्रेमासाठी, जांभळा ॲमेथिस्ट मनःशांतीसाठी, पिवळा सिट्रीन पैशासाठी, काळा टुर्मलीन दृष्ट लागू नये म्हणून. हे दगड चांदण्यात ठेवून शुद्ध करायचे, मिठाच्या पाण्यात धुवायचे, मनातली इच्छा त्यांच्या कानात सांगायची. बारावीच्या एका मुलाने तर आम्हांलाच विचारले, "फादर, परीक्षेसाठी कोणता दगड घेऊ?" अभ्यास घे, असे उत्तर आम्ही दिले, पण त्या उत्तरात विनोदापलीकडे काही नव्हते हे आज आम्हांला कळते.

लेख लिहायचा म्हणून आम्ही वाचनास बसलो. दगडांना धर्माच्या दारातून हाकलून देणे सोपे जाईल असे वाटले होते. तसे झाले नाही. निर्गमाच्या पुस्तकात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, महायाजक अहरोन याच्या ऊरपटावर बारा रत्ने जडवण्याची आज्ञा स्वतः परमेश्वरच देतो. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातील स्वर्गीय नगरीच्या तटाचे बारा पाये रत्नांनी मढवलेले आहेत आणि त्यांतील शेवटचे रत्न हाच जांभळा ॲमेथिस्ट. बिशपांच्या अंगठीतही तो पिढ्यान्पिढ्या बसत आला. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थ 'मद्याने न झिंगलेला' असा आहे, तेव्हा त्या निवडीमागे काही शहाणपण असावे! अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्बोड नावाच्या धर्मपंडिताने रत्नांच्या गुणांवर एक दीर्घ लॅटिन काव्य लिहिले. पुढे ते फ्रान्समधील रेन या शहराचे बिशप झाले. बाराव्या शतकातील मठाध्यक्षा संत हिल्डेगार्ड यांच्या निसर्गविषयक ग्रंथाचा चौथा भाग संपूर्णपणे दगडांविषयी आहे. चेहऱ्यावर डाग असल्यास ॲमेथिस्ट थुंकीने ओला करून त्यावर चोळावा, असा उपाय त्या सांगतात. याच हिल्डेगार्डना पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१२ साली ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून गौरविले. विहिरीत टाका असे पायरीवरून सांगणाऱ्या आम्हांला ही माहिती सेमिनरीत कोणी दिली नव्हती, किंवा दिली असेल तर आम्ही त्या तासाला पेंगत होतो.

हिल्डेगार्डबाईंच्या काळी तेच वैद्यक होते. झाडपाला, प्राणी, धातू आणि दगड ही सर्व देवाची सृष्टी, तेव्हा तिच्यात औषध असणारच, या भूमिकेतून त्या लिहीत होत्या. आज आपल्याजवळ अधिक चांगले वैद्यक आहे. चुकीचे औषध सांगणे हा अज्ञानाचा दोष होऊ शकतो. ती मूर्तिपूजा नव्हे. हा भेद संत ऑगस्टीन यांनी फार पूर्वी ओळखला होता. पोटदुखीवर अमुक वनस्पती कुटून प्या असे सांगणे निराळे आणि तीच वनस्पती गळ्यात बांधा म्हणजे पोट थांबेल असे सांगणे निराळे, असे ते ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथात समजावतात.

मग आजच्या दगडाचे काय? विक्रेते म्हणतात की घड्याळातला स्फटिक कंप पावतो, तसाच तो शरीरालाही कंपने देतो. यातला पहिला भाग खरा आहे. स्फटिकावर दाब दिला की त्यात वीज निर्माण होते हे झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले, आणि त्याच गुणाच्या उलट्या उपयोगाने मनगटी घड्याळातील स्फटिकाची चकती सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते. पण त्यासाठी घड्याळात बॅटरी लागते. टेबलावर ठेवलेला दगड टेबलाइतकाच स्वस्थ असतो. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. ऐंशी माणसांना ध्यानाला बसवले होते. काहींच्या हाती खरा स्फटिक होता, काहींच्या हाती बनावट, आणि कोणाकडे कोणता हे त्यांना ठाऊक नव्हते. ऊब, मुंग्या, प्रसन्नता हे अनुभव दोन्ही गटांना सारखेच आले. आणखी एक गंमत सांगतो. जांभळा ॲमेथिस्ट भट्टीत ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवला की बहुधा पिवळा होतो, आणि सिट्रीन म्हणून बाजारात मिळणाऱ्या दगडांपैकी पुष्कळसे असे तापवलेले ॲमेथिस्टच असतात. म्हणजे मनःशांतीचा दगड भट्टीतून काढला की धनलाभाचा होतो!

इथवर लेख सुरळीत चालला होता. पण मग हात अडला. आमच्या समोरच्या खिळ्याला जपमाळ टांगलेली होती. उद्या एखाद्या शंकेखोर माणसाने विचारले की हे मणीही लाकडाचेच ना, तर काय सांगणार?

याचे उत्तर धर्मशिक्षणात आहे, आणि ते दोन्हीकडे कापते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २११७ व्या परिच्छेदात ताईत बाळगणे निंद्य ठरवले आहे. आम्ही तो परिच्छेद खूण करून ठेवला होता. पण सहाच परिच्छेद आधी, २१११ व्यात, अंधश्रद्धेची व्याख्या येते, आणि तिथे बोट आपल्याच दिशेने वळते. मनातील भाव बाजूला सारून केवळ बाह्य कृतीलाच प्रार्थनेचे किंवा संस्कारांच्या चिन्हांचे फळ चिकटवणे, ही अंधश्रद्धाच होय, असा त्याचा आशय आहे. वाचकांनी आपापल्या घरात नजर फिरवावी. गाडीच्या आरशाला जपमाळ लटकते, आणि तिच्या भरवशावर आपले चिरंजीव वसईच्या अरुंद रस्त्यावरून भरधाव जातात. जागा घेतली की चार कोपऱ्यांत पदके पुरायची, मग शेजाऱ्याच्या बांधावर दोन हात सरकायला आपण मोकळे. नऊ प्रती काढून वाटा, न वाटल्यास संकट येईल, अशा धमकीच्या प्रार्थना आम्ही स्वतः चर्चच्या बाकांवरून गोळा करून जाळल्या आहेत. त्या मुलीच्या मनगटावरच्या मण्यांत आणि या गोष्टींत फरक कोणता, हे सांगताना आमची जीभ अडखळते.

देवाने दिलेली वस्तूही या धोक्यातून सुटत नाही. अरण्यात सर्पदंशाने माणसे मरू लागली तेव्हा परमेश्वराच्याच सांगण्यावरून मोशेने पितळेचा सर्प उभारला. शतके लोटली, लोक त्या सर्पापुढे धूप जाळू लागले, आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत येते. मोशेच्या हातची वस्तू फोडताना त्या राजाला काय वाटले असेल!

आणि याउलट, वस्तूला शिवणाऱ्या प्रत्येक हातावर प्रभू रागावत नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आठवा. वैद्यांवर तिने सारा पैसा घालवला होता. येशूच्या वस्त्राला नुसते शिवले तरी आपण बरे होऊ, ही तिची समजूत शास्त्रशुद्ध नव्हती. आम्ही पायरीवर असतो तर तिलाही दोन शब्द सुनावले असते. ती गर्दीतून मागून आली, शिवली आणि बरी झाली. गोष्ट इथेच संपली असती तर वस्त्र आणि दगड यांत आम्हांला भेद करता आला नसता. पण येशू थांबतो. आपल्याला कोणी स्पर्श केला हे तो विचारतो. एवढ्या गर्दीत हे कसले विचारणे, असे शिष्यांना वाटते. तरीही तो वळून शोधीत राहतो, तिला समोर येऊ देतो, तिची सारी कहाणी ऐकतो आणि तिला मुलगी म्हणून हाक मारतो. बरे वाटणे घेऊन ती मागच्या मागे निघून जावी हे त्याला पुरेसे वाटत नाही.

आमच्या मते भेद आहे तो इथे. दगड कोणी शिवले हे विचारत नाही. त्याला तुमचे नाव नको असते, तुमची कहाणी नको असते, तुमच्याकडून काहीच नको असते. भावाशी अबोला धरलेला माणूस प्रेमाचा गुलाबी दगड उशाशी ठेवून सुखाने झोपू शकतो. जपमाळ खरोखर म्हणू लागला तर त्याला ते जमणार नाही, कारण प्रत्येक दशकाच्या आरंभी प्रभूची प्रार्थना येते आणि तिच्यात क्षमेची अट आहे. म्हणून 'दगड निवडणे' हा शब्दप्रयोगच आम्हांला विचार करण्यासारखा वाटतो. आपली गरज आपण ठरवायची, तिच्या मापाचा दगड आपण निवडायचा, त्याचा अर्थही आपणच लावायचा. साऱ्या व्यवहारात दुसरे कोणी नाहीच. शेजारच्या हिंदू घरात स्फटिकाचे शिवलिंग असेल तर त्यामागे एक परंपरा आहे, व्रत आहे, गुरू आहे, काही करावे आणि काही करू नये असा आचार आहे. त्याविषयी बोलण्याचा अधिकार आमचा नाही. बाजारातील दगडाला तेवढाही बंध नाही. तो आवडेनासा झाला की दुसरा घेता येतो.

दुसरे कोणी नाही असे आम्ही म्हटले, पण ते खरे नाही. एक माणूस असतो, तो आपल्याला दिसत नाही एवढेच. आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत, जळगाव, नाशिक, पुण्याच्या परिसरात सुंदर स्फटिक मिळतात; सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना निर्मात्याची स्तुती करण्यासाठी वेगळे प्रवचन लागणार नाही. पण हाती येणारा मणी गुळगुळीत आपोआप होत नाही. गुजरातमधील खंभात हे अकीक घासण्याचे जुने केंद्र. कच्चा दगड भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या बाजूने येतो, आणि खंभातजवळच्या शकरपूरसारख्या गावांत तो घरच्या ओसरीत चाकावर घासला जातो. ती धूळ म्हणजे सिलिका. श्वासावाटे ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर औषध नाही, आणि त्याच्या जोडीला क्षय येतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कामगारांची पाहणी करून हे नोंदवले आहे. काम घरातच चालत असल्यामुळे चाकाला हात न लावणाऱ्या बायकामुलांच्या छातीतही ती धूळ जाते. धूळ ओढून घेणारे यंत्र बसवता येते, पाणी सोडून दगड ओला घासता येतो. त्याला पैसे लागतात. कोणाच्या तरी मनःशांतीसाठी कोणाचा तरी श्वास जातो, आणि त्या दगडाच्या गुणांच्या यादीत हा गुण कोठेही छापलेला नसतो. अर्थात हे लिहिताना आमच्याच कपाटातील अकीकाच्या मण्यांची जपमाळ आम्हांला आठवली. कोणीतरी दीक्षेच्या रौप्यमहोत्सवाला भेट दिलेली; ती कोणी घासली, हे आम्हीही कधी विचारले नव्हते.

या साऱ्या तयारीनिशी, आणि थोडे अपराधी मनाने, आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. पूर्वी सूचना न देता संध्याकाळी गेलो. त्या वालाच्या शेंगा सोलीत ओसरीवर बसल्या होत्या. आम्हांला पाहून उठल्या, खुर्ची पुसली. "फादर, तुम्ही? कोणी आजारी आहे का?" असे त्यांनी विचारले. धर्मगुरू दारात आले म्हणजे कोणीतरी आजारी असणार, अशी आपल्या लोकांची समजूत आम्हीच करून दिलेली आहे.

दगडाचा विषय आम्ही काढायच्या आधी त्यांनीच काढला. "तो मी टाकला नाही," त्या म्हणाल्या. "त्यात काही शक्ती नाही हे मला कळतं फादर. मी शाळा शिकले आहे." मग थोड्या थांबल्या. "तो गार असतो. रात्री हातात धरला की हळूहळू गरम होतो. दुसरं काही नाही."

त्यांचे पती २०२१ सालच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. आठ दिवस रुग्णालयात होते. आत जाण्यास कोणालाही परवानगी नव्हती. बाईंना त्यांचा हात धरता आला नाही. शव बांधूनच आले, चेहराही पाहता आला नाही. दफनाच्या वेळी आम्ही आणि चार माणसे होतो. मुलीला कॅनडातून येणे शक्यच नव्हते. विमाने सुरू झाल्यावर कोणा येणाऱ्याबरोबर तिने हा दगड पाठवला आणि रात्री झोप लागत नसेल तेव्हा हातात धर म्हणून सांगितले. मुलीने तो कोठून घेतला, त्याचा गुण काय, हे बाईंना नीट आठवतही नव्हते.

दफनाच्या प्रार्थना आम्हीच म्हटल्या होत्या. त्या महिन्यात दफने एवढी होती की नावे एकमेकांत मिसळत. पण त्यानंतर किती वर्षे लोटली! त्या बाई दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत, ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांगेत येत, आम्ही त्यांच्या तळहातावर तो ठेवीत असू. त्या हाताला काय झाले आहे हे आम्ही विचारले नाही. अहरोनाच्या ऊरपटाविषयी वर लिहिताना एक गोष्ट आम्ही सांगितली नाही: त्या बारा रत्नांवर इस्राएलच्या बारा पुत्रांची नावे कोरलेली होती. परमेश्वरापुढे जाताना याजकाने माणसांची नावे हृदयावर वाहून न्यावीत यासाठी ती रत्ने होती.

२००३ साली व्हॅटिकनने नवयुग म्हणवणाऱ्या पंथांवर एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात स्फटिकोपचाराचा उल्लेख आहे आणि त्यावर टीकाही आहे. ते आम्ही त्या रात्री पुन्हा वाचले. माणसांच्या हृदयातील मूक आक्रोश ख्रिस्तसभेने ऐकला पाहिजे, नाहीतर ती बहिरी असल्याचा आरोप तिच्यावर येईल, असाही आशय त्यात आहे. पहिल्या वाचनात आम्ही पेन्सिलीने खुणा केल्या होत्या त्या सगळ्या टीकेच्या ओळींखाली.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी आम्हांला जपमाळेसाठी थांबवून घेतले. गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथे आता मे महिन्यातच माणसे जमतात, म्हणून घरातच बसलो. त्यांच्या उजव्या हातात जपमाळ होती, डावी मूठ मिटलेली होती. त्या मुठीत काय आहे हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही काही म्हणालो नाही. दगडात शक्ती नाही हे आमचे मत बदललेले नाही, आणि त्या बारावीच्या मुलाला आम्ही ते पुन्हा, या वेळी बसवून, सांगणार आहोत. दगडावर आशीर्वादही आम्ही दिला नाही. बाईंनीही पुन्हा मागितला नाही. पाचव्या दशकाला त्यांचा आवाज थांबला तेव्हा पुढचे नमो मरिया आम्ही एकट्याने म्हटले, आणि त्या पुन्हा मिळाल्या.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "रविवारी येऊ ना फादर?" त्यांनी विचारले, आणि मग अंमळ संकोचाने, "तो रुमालात असतो. सवय झाली आहे."

तुम्ही या, असे आम्ही म्हणालो. आणि मुलीचे नाव विचारून घेतले, कारण ते आम्हांला आठवत नव्हते.